पगडीतला तुर्क आणि डोनिझेट्टी पाशा

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात बारा मिनिटांचं एक ऐतिहासिक नाटुकलं झालं. त्यात एक आदिलशाही सरदार होता. हिरवा झगा, डोळ्यांत सुरमा, चिकटवलेली दाढी आणि दर वाक्याच्या शेवटी गडगडाटी हसणं. त्याला नावसुद्धा नव्हतं, संहितेत नुसतं 'सरदार' लिहिलेलं. ही भूमिका माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलाला मिळाली. का, तर त्याला उर्दू येतं, उच्चार शोभतात. मी कुरबुर केली तेव्हा एक सहशिक्षक म्हणाले, 'सर, नाटक आहे. मनावर काय घ्यायचं?'

मुलगा मात्र खूश होता. त्याला रंगमंचावर गर्जना करायला मिळणार होती. आठवीतल्या मुलाला आणखी काय हवं?

मी मनावर घेतलं, कारण या सरदाराला मी आधी भेटलो होतो. मराठीत नाही, इटालियनमध्ये. मला ऑपेराचा नाद आहे. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या मास्तराला हा नाद कुठून लागला असं लोक विचारतात. बी.एड. करताना माझ्या शेजारच्या बाकावर वसईचा एक ख्रिस्ती मित्र बसायचा. तो चर्चच्या क्वायरमध्ये गायचा आणि त्याच्याकडे कॅसेटींची एक पेटी होती. पाठ-नियोजनाच्या वह्या रंगवता रंगवता आम्ही त्या ऐकायचो. एक अक्षर कळायचं नाही, पण गळा काय चीज असते ते कळायचं.

ज्यांना ऑपेरा हाऊस म्हणजे चर्नी रोडजवळचा बसथांबा एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात आणि मध्येच पद म्हणतात. इटालियन ऑपेरात सहसा बोलणंही गाण्यातच असतं. पत्र वाचायचं, भांडायचं, मरायचं, सगळं सुरात. एकोणिसाव्या शतकात या कलेतली चार नावं जगभर गाजली. रोसिनी, बेल्लिनी, डोनिझेट्टी आणि वेर्दी. या चौघांनीही कधी ना कधी मुसलमान पात्र रंगमंचावर आणलं. ते कसं आणलं, आणि त्याच वेळी खऱ्या मुसलमानांचा या संगीताशी काय संबंध होता, याबद्दल मला आज लिहायचं आहे.

सुरुवात रोसिनीपासून. 'अल्जिअर्समधली इटालियन बाई' हा त्याचा ऑपेरा मे १८१३ मध्ये व्हेनिसला पहिल्यांदा झाला. रोसिनी तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि हे सगळं संगीत त्याने महिन्याच्या आत लिहून काढलं होतं. गोष्ट अशी : अल्जिअर्सचा बे मुस्तफा आपल्या बायकोला कंटाळला आहे, त्याला इटालियन बाई हवी आहे. जहाज फुटून इझाबेला नावाची इटालियन बाई त्याच्या हाती लागते. तिचा प्रियकर आधीच त्याच्याकडे गुलाम आहे. इझाबेला मुस्तफाला असं काही गुंडाळते की तो एका बनावट पंथाची दीक्षा घेतो. या पंथाचे नियम काय, तर खायचं, प्यायचं, झोपायचं आणि डोळ्यांसमोर काहीही घडलं तरी पाहायचं नाही, ऐकायचं नाही. तो बसून खात राहतो आणि इझाबेला सगळ्या इटालियन गुलामांना घेऊन जहाजात बसते.

मी हे खोटं सांगणार नाही की मला हसू येत नाही. पहिल्या अंकाच्या शेवटी सगळी पात्रं गोंधळून जातात आणि कुणाच्या डोक्यात घंटा वाजते, कुणाच्या हातोडा, कुणाच्या तोफ. तो प्रसंग ऐकताना मी आजही एकटाच हसतो.

पण याच ऑपेरात पळून जाण्याआधी इझाबेला एकदम गंभीर होते आणि आपल्या लोकांना मायदेशाची आठवण ठेवायला सांगते. कुठला मायदेश? १८१३ मध्ये एकसंध, स्वतंत्र इटली अस्तित्वातच नव्हती. निम्म्याहून अधिक मुलूख नेपोलियनच्या टाचेखाली होता. राज्यकर्त्यांना हे गाणं इतकं खुपलं की पुढे काही शहरांत ते बदलावं लागलं. म्हणजे जो देश अजून जन्मालाच आला नव्हता, त्याच्या नावाने प्रेक्षकांचा ऊर भरून यायचा होता. त्यासाठी समोर पगडी घातलेला एक मूर्ख उभा करावा लागला. 'आपण' कोण हे ठरायच्या आधी 'ते' कोण हे ठरलं.

इथे इन्साफाची गोष्ट सांगायला हवी. उत्तर आफ्रिकेचे समुद्री चाचे इटलीच्या किनाऱ्यावरून माणसं पळवत, ही कल्पना नव्हती. किनाऱ्यावरच्या लोकांनी ती भीती पिढ्यानपिढ्या भोगली होती. पण इटालियन बंदरांतही मुसलमान गुलाम होतेच. लिव्होर्नो शहरात ग्रँड ड्यूक फर्दिनांदोच्या पुतळ्याखाली साखळदंडांनी जखडलेल्या चार मूरांचे ब्राँझचे पुतळे सतराव्या शतकापासून उभे आहेत. कारागिरी अप्रतिम आहे. त्या चौघांवर मात्र कुणी विनोदी ऑपेरा लिहिला नाही.

पुढच्याच वर्षी, १८१४ मध्ये, रोसिनीने मिलानसाठी 'इटलीतला तुर्क' लिहिला. मिलानकरांना वाटलं, अल्जिअर्सचाच कोट उलटा करून घातलाय, आणि ते नाराज झाले. पण माझ्या मते हा जास्त शहाणा ऑपेरा आहे. सेलीम नावाचा तुर्की अमीर नेपल्सला येतो, एका विवाहित बाईवर भाळतो आणि तिच्या नवऱ्याला सरळ सांगतो की आमच्याकडे बायकोचा कंटाळा आला की नवरा तिला विकतो, तू विकतोस का? नवरा उत्तर देतो की आमच्याकडे गिऱ्हाइकाचं नाक फोडायची रीत आहे. तुर्कस्तानात बायका विकायची अशी काही रीत होती, ही निव्वळ थाप आहे. पण या ऑपेरात एक कवीही फिरत असतो. तो विषयाच्या शोधात आहे आणि समोर घडणाऱ्या भांडणांतून आपलं नाटक जुळवतो आहे. त्याला खऱ्या माणसांशी देणंघेणं नाही, त्याला फक्त प्रसंग हवेत. तुर्क कसा तयार होतो हे रोसिनीने आणि त्याच्या लेखकाने जणू आपल्याला उघडून दाखवलं आहे.

आणि मग १८२० साली याच रोसिनीने नेपल्समध्ये 'माओमेत्तो दुसरा' केला. म्हणजे आपला सुलतान मुहम्मद फातेह. हा विदूषक नाही. खर्जातली भारदस्त भूमिका, शत्रूच्या मुलीवर प्रेम करणारा आणि तिच्यापुढे अडखळणारा विजेता. संगीत इतकं गुंतागुंतीचं की नेपल्सचे प्रेक्षक थंडच राहिले. सहा वर्षांनी पॅरिसमध्ये रोसिनीने तोच ऑपेरा बदलून 'कोरिंथचा वेढा' केला. व्हेनिसच्या लोकांच्या जागी ग्रीक आले, कारण त्याच वर्षी एप्रिलमध्ये तुर्कांनी ग्रीकांचं मिसोलोंगी शहर घेतलं होतं आणि युरोपभर संताप होता. चाली बहुतेक त्याच, अर्थ बदलला. तुर्क रंगमंचावर विदूषक व्हायचा की बादशहा की कसाई, हे तुर्काकडे बघून ठरत नव्हतं. त्या वर्षीचं वर्तमानपत्र बघून ठरत होतं.

बेल्लिनीचं थोडक्यात. त्याने १८२९ मध्ये जेरुसलेमच्या सुलतानाची गोष्ट 'झाइरा' नावाने पार्मा शहरात केली, ती साफ पडली. हुशार माणूस. पुढच्या वर्षी त्यातलं बरंचसं संगीत रोमिओ-ज्युलिएटच्या गोष्टीत वापरलं आणि तिथे ते गाजलं. जेरुसलेमचे सूर व्हेरोनात सहज खपले, यात सगळं आलं.

वेर्दीचा 'पहिल्या धर्मयुद्धातले लोम्बार्ड' हा १८४३ चा ऑपेरा मला जास्त टोचतो. त्यात ओरोन्ते नावाचा मुसलमान राजपुत्र आहे, अंताकियाच्या जुलमी राज्यकर्त्याचा मुलगा. देखणा, प्रेमळ, त्याच्या वाट्याला सुंदर गाणी. आणि हा चांगला मुसलमान काय करतो? मरताना बाप्तिस्मा घेतो. मिलानच्या आर्चबिशपांनी या ऑपेराविरुद्ध तक्रार केली होती. मुसलमानाच्या बाजूने नव्हे, रंगमंचावर बाप्तिस्म्यासारखा पवित्र विधी दाखवला म्हणून. शेवटी एका प्रार्थनेतला 'आवे' हा शब्द बदलून 'साल्वे' केल्यावर प्रकरण मिटलं. मुस्तफावर मी हसू शकतो. ओरोन्तेच्या मरणावर मला रडू येतं आणि लगेच त्या रडण्याचा राग येतो. ज्याला आपण चांगला म्हणतो त्याने आपल्यासारखं होऊनच मरावं, ही अपेक्षा मला हिरव्या झग्यातल्या सरदाराहून जास्त घातक वाटते.

आता डोनिझेट्टी. इथे गोष्ट एकाची नाही, दोघा भावांची आहे.

उत्तर इटलीतल्या बेर्गामो शहरात एका तळघरवजा घरात हे कुटुंब राहायचं. वडील गहाण ठेवून घेणाऱ्या पेढीवर राखणदार. थोरला जुसेप्पे १७८८ चा, धाकटा गाएतानो १७९७ चा. धाकटा जगाला माहीत आहे. 'प्रेमाचं औषध', 'लुचिया', 'डॉन पास्काले' यांचा तो कर्ता. त्याला पहिलं मोठं यश मिळालं ते १८२२ मध्ये रोममध्ये, 'ग्रॅनाडाची झोराइदा' या ऑपेराने. विषय आंदालुसियातल्या मुसलमानांचा. त्याने ना ग्रॅनाडा पाहिलं होतं, ना कुणी मूर.

थोरला नेपोलियनच्या फौजेत बँडवाला झाला, एल्बा बेटावरही त्याच्यासोबत होता. आणि १८२८ मध्ये तो निघाला तो थेट इस्तंबूलला. सुलतान महमूद दुसरा यांनी दोन वर्षांपूर्वी येनीचेरी फौज मोडून काढली होती. तिच्याबरोबर तिचा 'मेहतर' म्हणजे लष्करी नौबतही बंद झाली. (मराठीत या शब्दाचं काय झालं ते आपण जाणतो. फारसीत मेहतर म्हणजे 'अधिक मोठा'. ज्यांना आपण सगळ्यात खाली ठेवलं त्यांना नाव मात्र मोठं दिलं.) नव्या फौजेला नवा बँड हवा होता. 'मुझिका-ए-हुमायून', म्हणजे शाही बँड, जुसेप्पेच्या हाती आला.

त्याने शिकवायला सुरुवात कशी केली, हे मला फार आवडतं. इस्तंबूलच्या संगीतात हम्पार्सूम नावाच्या आर्मेनियन संगीतकाराने तयार केलेली स्वरलेखनाची पद्धत चालू होती. जुसेप्पेने आधी ती स्वतः शिकून घेतली आणि तिच्या आधाराने विद्यार्थ्यांना युरोपीय स्वरलिपी समजावली. बी.एड.ला आम्हाला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र परीक्षेपुरतं पाठ करायला लावलं होतं. चाळिशी उलटलेला हा बँडमास्तर कुठलीही पदवी न घेता ते करत होता.

तो तिथे अठ्ठावीस वर्षं राहिला. सुलतान महमूद यांच्यासाठी त्याने 'महमूदिये' नावाचा मार्च लिहिला, पुढे अब्दुलमजीद यांच्यासाठी 'मजीदिये'. हे मार्च सल्तनतीचं राष्ट्रगीत असावं तसे वाजत. १८४७ मध्ये प्रसिद्ध पियानोवादक लिस्ट इस्तंबूलला आला, तेव्हा त्याने 'मजीदिये'वर स्वतःची एक रचना केली. जुसेप्पेला पाशा हा किताब मिळाला. धर्म त्याने बदलला नाही, कुणी बदलायला लावला नाही. १८५६ मध्ये तो तिथेच वारला आणि इस्तंबूलच्याच एका कॅथलिक चर्चमध्ये त्याला दफन केलं. त्याच्या हयातीत शहरात इटालियन ऑपेरा नियमित होऊ लागला होता. धाकट्या भावाचे ऑपेरा थोरल्याच्या गावात गाजत होते. पुढचे सुलतान अब्दुलअझीझ तर स्वतः पियानोसाठी वॉल्ट्झ लिहायचे.

म्हणजे बघा. व्हेनिस-मिलानच्या रंगमंचावर पुठ्ठ्याची पगडी घातलेला तुर्क खातोय, पितोय, फसतोय. आणि खऱ्या इस्तंबूलमध्ये डोनिझेट्टी नावाचा इटालियन खऱ्या तुर्की पोरांना बासरी आणि तुतारी शिकवतोय. रंगमंचाला या दुसऱ्या गोष्टीची गंधवार्ता नव्हती. गाएतानोला होती, त्यानेही सुलतानासाठी एक मार्च लिहून दिला. शेवटी गाएतानोच्या मेंदूवर आजाराने घाला घातला. त्याला पॅरिसजवळ इव्रीच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, तेव्हा त्याची काळजी घ्यायला आला तो त्याचा पुतण्या आंद्रेआ, जुसेप्पे पाशाचा मुलगा. तो इस्तंबूलहून आला. त्यानेच खटपट करून काकाला बेर्गामोला परत नेलं. १८४८ च्या एप्रिलमध्ये गाएतानो तिथे वारला.

आपल्याकडेही हा दुहेरी प्रकार नवा नाही. मराठी रंगभूमीवर सुरमेवाला खान किती पिढ्या गर्जतोय. पण 'स्वयंवर'ची पदं ज्यांनी बांधली ते भास्करबुवा बखले फैज मुहम्मद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्यापाशी शिकले होते. १९१६ पासून ती पदं ऐकणाऱ्या किती श्रोत्यांना हे माहीत होतं? पडद्यापुढचा मुसलमान सगळ्यांना दिसतो.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. संगीत जायज की नाजायज हा वाद मी इथे उघडत नाही. जे परहेज करतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण 'ते आपली टिंगल करतात, मग त्यांचं कशाला ऐकायचं' हे म्हणणं मला पटत नाही. त्याचप्रमाणे 'आपणही त्यांच्यासारखं भव्य काही करून दाखवू' हेही पटत नाही. इजिप्तचे खदीव इस्माईल यांनी तेच केलं. १८६९ मध्ये कैरोत मुख्यतः लाकडी बांधणीचं ऑपेरा हाऊस घाईघाईने उभं केलं, पहिला खेळ वेर्दीच्या 'रिगोलेत्तो'चा. मग वेर्दीला दीड लाख फ्रँक देऊन 'आयदा' लिहून घेतला. देखावे आणि पोशाख पॅरिसमध्ये तयार झाले आणि प्रशियाच्या वेढ्यात तिथेच अडकले. अखेर २४ डिसेंबर १८७१ ला कैरोत खेळ झाला. वेर्दी आला नाही. कर्जात बुडालेले इस्माईल १८७९ मध्ये गादीवरून गेले आणि १८८२ मध्ये इंग्रज आले. कर्जाला ऑपेरा एकटा जबाबदार नव्हता, कालवे होते, रेल्वे होती. पण एका गावाने संगीत शिकवणारा ठेवून घेतला आणि दुसऱ्याने संगीत विकत आणलं, हा फरक मला दिसतो. कैरोचं ते ऑपेरा हाऊस १९७१ मध्ये जळून खाक झालं.

राहिला प्रश्न मुस्तफाचा. त्याचं काय करायचं? युरोपात हल्ली काही दिग्दर्शक त्याची पगडी काढून त्याला कुठल्या तरी टोळीचा म्होरक्या वगैरे करतात. मला ती पळवाट वाटते. मी फार विचार केला तेव्हा मला डॉन पास्काले आठवला. तोही म्हातारा, लग्नाला आसुसलेला, एका चलाख बाईकडून फसवला जाणारा. मुस्तफाचा सख्खा भाऊच म्हणा. पण त्याच्यावर हसताना इटालियन माणूस असाच असतो असं कुणाला वाटत नाही. कारण त्याचा भाचा इटालियन, डॉक्टर इटालियन, त्याला फसवणारी बाईही इटालियन. मुस्तफाच्या भोवती त्याची रडवेली बायको, हुकमाचा ताबेदार सरदार आणि खोजे यांच्यापलीकडे फारसं कुणी नाही. अख्खं अल्जिअर्स त्याच्या एकट्याच्या पगडीत मावतं. आणि गाएतानोने न पाहिलेल्या ग्रॅनाडात? तिथे जुलमी राजा मुसलमान आहे, पण त्याच्याविरुद्ध उभा राहणारा खरा प्रियकरही मुसलमान आहे. म्हणून 'झोराइदा' मला लागत नाही. दोष दुष्ट मुसलमान दाखवण्यात नाही. तो एकटाच असतो, हा दोष आहे.

हेच मी शाळेत म्हणालो होतो. सरदार काढू नका, हवा तेवढा दुष्ट करा, पण शिवाजी महाराजांच्या बाजूलाही एक मुसलमान उभा करा, इतिहासात होतेच की. उत्तर मिळालं, 'सर, बारा मिनिटं आहेत.' तो खेळ झाला तसाच झाला. माझ्या विद्यार्थ्याला उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मिळालं. सुरमा न पुसताच तो माझ्याकडे धावत आला आणि म्हणाला, 'सर, फोटो काढा ना, नानीला पाठवायचाय.' मी काढला.

यंदाच्या नाटुकल्याची संहिता मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिली आहे. टोमणा म्हणून दिली की विश्वासाने, माहीत नाही. वेळ तेवढाच, बारा मिनिटं. पात्रं नऊ. खलनायक कोण असेल हे अजून ठरलेलं नाही, कदाचित तो सरदारच परत येईल. पण नऊपैकी तीन मुसलमान असतील आणि तिघांनाही नावं असतील.